बाजेवरून बंडी : कामाच्या नोंदी

18 नोव्हेंबर 2024

धान घरात आले, मळणीची धूळ खाली बसली आणि ओसरीवरचे शिलाई मशीन पुन्हा उघडता आले, म्हणून आजपासून या कामाची नोंद ठेवायला सुरुवात करते आहे. बाजेच्या, म्हणजे दोरीने विणलेल्या खाटेच्या, रचनेवरून अंगात घालण्याची एक बंडी तयार करायची आहे. ती बाहेर जाताना घालता आली पाहिजे, धुता आली पाहिजे आणि तिची पाठ बाजेप्रमाणे ताणता व सैल करता आली पाहिजे. आमच्या भागात बंडी म्हणजे बाह्या नसलेला सदराही आणि बैलगाडीही. लाकूड आणि कापड या दोन्हींना धरून असलेला हा शब्द मला या कामासाठी योग्य वाटला.

लाकडी सामानावरून कपडा करण्याचा विचार नवा नाही. एल्सा स्किआपारेली यांनी 1936 मध्ये साल्वादोर दाली यांच्या चित्रांवरून स्त्रियांचा एक पोशाख केला होता. त्याचे खिसे मेजाच्या खणांसारखे होते आणि खणांना मुठी असतात तशा मुठीही त्यांना होत्या. कल्पना म्हणून मला ते काम फार आवडते, पण तिथे मेजाचे रूप कपड्यावर आले आहे, मेजाचे काम आलेले नाही. मला बाजेचे चित्र पाठीवर नको आहे. बाज भार कसा पेलते, ते पाठीवर उतरले पाहिजे.

21 नोव्हेंबर

गोठ्याशेजारी पडलेली जुनी बाज आज बाबांच्या परवानगीने पूर्ण उसवली. उसवताना प्रत्येक टप्प्याचे मोजमाप घेतले. खूर बाभळीचे, दांड्या बांबूच्या आणि दोरी अंबाडीची आहे. चार-चार पदर एकत्र घेऊन दोन वर, दोन खाली असे तिरपे विणले आहे, त्यामुळे मधोमध शंकरपाळ्यासारखे चौकोन दिसतात.

महत्त्वाची गोष्ट मात्र पायथ्याशी सापडली. लहानपणापासून त्या बाजेवर झोपूनही ती माझ्या कधी लक्षात आली नव्हती. विणलेली जाळी पायथ्याच्या दांडीपर्यंत पोहोचतच नाही. वीतभर अलीकडे एका जाड आडव्या दोरीवर ती संपते आणि त्या दोरीपासून दांडीपर्यंत एक मोकळी दोरी पुन्हा पुन्हा फिरवलेली असते. बाज झोळ खाऊ लागली की फक्त ही दोरी ओढून घ्यायची, संपूर्ण जाळीला हात लावावा लागत नाही. वापराने ढिले होणाऱ्या वस्तूमध्ये पुन्हा ताण भरण्याची सोय सुरुवातीलाच करून ठेवलेली आहे. तयार कपड्यात सहसा अशी सोय नसते. कपडा सैल झाला की टाके उसवून आत घ्यावा लागतो. माझ्या बंडीचे सारे काम या वीतभर मोकळ्या जागेवर उभे राहणार आहे.

27 नोव्हेंबर

पहिला नमुना जाड मांजरपाटावर केला. पाठीचा 34 सेंटिमीटर रुंद आणि 42 सेंटिमीटर उंच भाग कापून काढला, कडेला नवारीची पट्टी दुहेरी शिवली आणि त्या पट्टीतून सुतळी ओवून 45 अंशांत जाळी विणली. डमीवर ती नीट दिसली. ताण देताच दोन्ही बाजूंच्या कडा आत ओढल्या गेल्या आणि पाठीचा आयत मधोमध आवळलेल्या डमरूसारखा झाला. शिवाय सुतळीचे तंतू गळतात आणि मानेला खाजतात. आईने नमुना दोन मिनिटे अंगावर ठेवला आणि काढून दिला: "बाई, हे आंगाले रुतते." सुतळी बाद.

2 डिसेंबर

सुती दोरी, 3 मिलिमीटर जाडीची, पिळाची, मागवली. आज इतकेच झाले.

8 डिसेंबर

कडा आत का ओढल्या जातात, हे बाबांना विचारले. त्यांनी रंधा बाजूला ठेवला आणि उसवलेल्या बाजेच्या चौकटीवर माझा हात ठेवून दाखवले. दोरी चारही दांड्यांना आत ओढत असते. लांब दांड्या जवळ येत नाहीत, कारण आखूड दांड्या त्यांना आतून रेटून धरतात, आणि आखूड दांड्यांना लांब दांड्या रेटतात. "दोरी तानते म्हनून बाज नाही होत बाई, लाकूड रेटते म्हनून होते," असे ते म्हणाले. माझ्या नमुन्यात ओढणारे होते, पण रेटणारे काहीच नव्हते.

त्यानंतर दोन तास याच प्रश्नावर गेले. उभ्या दिशेने रेटण्यासाठी लाकडाची गरज नाही, तिथे माणसाचे शरीर आहे. जाळी वरून खांद्यांवर टांगली आणि खालून कमरेच्या पट्ट्याला बांधली, तर खांदा आणि कंबर यांमधले अंतर शरीरच राखते. आडव्या दिशेला मात्र पाठ कडेला गोल वळते आणि तिथे टेकायला काही मिळत नाही. म्हणून जाळीच्या वरच्या आणि खालच्या कडेला बांबूची एकेक कामटी शिवणीच्या बोगद्यात घालायची ठरले. बाबांनी दोन कामट्या लगेच तासून दिल्या, एक 32 आणि दुसरी 30 सेंटिमीटर लांब. टोके गोल करून पॉलिशपेपरने इतकी घासली की गालावरून फिरवली तरी टोचत नाहीत.

जाळीचा कोनही बदलला. 45 अंशांत दोरीची आडवी ओढ उभ्या ओढीइतकीच असते. तीच दोरी जमिनीशी 60 अंशांत उभी केली, तर आडवी ओढ उभ्या ओढीच्या सुमारे 58 टक्क्यांवर येते. चौकोन थोडे उंच आणि अरुंद दिसतील, आणि पाठीवर ते मला जास्त शोभतील असे वाटते. जाळी कापडाच्या तिरप्या कापासारखी वागते हेही आज समजले. मादलेन व्हिओने यांनी 1920 च्या दशकात तिरप्या कापाचे झगे करून दाखवले होते. ताणा आणि बाणा, म्हणजे कापडाचे उभे आणि आडवे धागे, अंगावर तिरपे आले की साधे कापडही शरीराच्या वळणाप्रमाणे सरकते आणि बसते. बाजेवर आडवे झाल्यावर पाठीखालची जाळी अंगाचा आकार घेते, त्याचेही कारण हेच आहे.

15 डिसेंबर

आज भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावला जाऊन आले. बंडीचे कापड करवती काठाचेच हवे, हे मी पहिल्या दिवशीच ठरवले होते. त्याचे कारण नावातच आहे. काठावरचे दाते सुताराच्या करवतीच्या दात्यांसारखे दिसतात म्हणून तो करवती काठ. बाबांच्या भिंतीवर टांगलेली करवत आणि आईच्या लग्नातल्या लुगड्याचा काठ माझ्या डोळ्यांसमोर एकाच घरात होते, आणि दोन्हींचे नाव एक आहे, याचा विचार मी इतकी वर्षे केला नव्हता.

विणकर काकाजी खड्ड्याच्या मागावर बसले होते, पाय खाली पावड्यांवर आणि हात आडवा धागा नेणाऱ्या धोट्यांवर. साध्या कापडाला एक धोटा पुरतो, या कापडाला तीन लागतात: मधल्या अंगासाठी कोशाच्या (टसर रेशमाच्या) धाग्याचा एक आणि दोन्ही काठांसाठी रंगीत धाग्याचा एकेक. मी वाकून पाहिले तेव्हा अंगाचा बाणा काठापाशी येऊन थांबला, काठाच्या बाण्याला अडकला आणि तिथूनच मागे वळला. पुढच्या फेरीत तो दोन धागे पुढे जाऊन अडकला, त्यापुढे आणखी दोन, आणि मग तसाच पायरीपायरीने मागे आला. एक दाता पूर्ण झाला होता. हा काठ नंतर जोडलेला नाही, छापलेला नाही आणि भरतकामही नाही. दोन वेगळ्या रंगांच्या धाग्यांचे भाग एकमेकांच्या कुशीत शिरून एक झालेले आहेत. सुताराचा सांधा असाच असतो. एका लाकडाचे दात दुसऱ्याच्या खाचांत बसतात आणि खिळ्याशिवाय दोन्ही धरून राहतात. बाबांच्या पेटीचे कोपरे आणि हा काठ हे एकच काम आहे, असे मी काकाजींना म्हटले. त्यांनी धोटा न थांबवता मान हलवली आणि म्हणाले, "सांधा कच्चा रायला त दोन्ही फाटते."

हे दाते रामटेकच्या मंदिराच्या शिखरांवरून आले, असेही या भागात सांगतात. करवती काठाला भौगोलिक मानांकन आहे. तरी मागावर बसणारे हात कमी होत चालले आहेत, ही चिंता काकाजींच्या बोलण्यात दोनदा आली. कोसा आमच्याच जंगलातला आहे. ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढणाऱ्या किड्याच्या कोशापासून तो निघतो आणि रंग न देताही मधासारखा दिसतो. मी विटकरी काठाचे तीन मीटर कापड घेतले. पैशांच्या हिशेबात यापेक्षा जास्त बसत नव्हते, त्यामुळे कापताना चूक करून चालणार नाही.

24 डिसेंबर

दोरीचा हिशेब केला. जाळीचे क्षेत्रफळ 34 गुणिले 42, म्हणजे 1,428 चौरस सेंटिमीटर. दोन ओळींमधले अंतर दीड सेंटिमीटर धरले, तर एका दिशेला साडेनऊ मीटर आणि दोन दिशांना मिळून 19 मीटर दोरी लागते. बाजेप्रमाणे पदर जोडीने घ्यायचे असल्याने 38 मीटर झाले. डेन्मार्कचे हान्स वेग्नर यांच्या वाय खुर्चीची बैठक हाताने विणतात आणि तिला सुमारे 120 मीटर कागदी दोरी लागते. माझ्या पाठीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी लागणार हे पाहून बरे वाटले, कारण बंडीचे वजन माणसाला दिवसभर अंगावर वागवायचे असते, खुर्चीचे तसे नसते. आमच्या काट्यावर 38 मीटर दोरी 205 ग्रॅम भरली.

दोरी गरम पाण्यात रात्रभर भिजवून उन्हात वाळवली. 45 मीटरची जवळपास साडेबेचाळीस झाली. हे आधी केले नसते, तर पहिल्याच धुण्यात जाळीने कोसा फाडला असता.

6 जानेवारी 2025

कापड कापले. करवती काठ फक्त कापडाच्या दोन किनारींना असतो आणि किनार सरळच असते. ती गळ्याच्या गोलाईत वळवता येत नाही, आणि वळवली तर दाते आकसून त्यांची रांग मोडते. आठवडाभर मी गोल गळ्याचे, कॉलरचे आणि तिरप्या पुढ्याचे नमुने कागदावर कापून पाहत होते. त्या प्रत्येक नमुन्यात काठ एकतर शिवणीखाली जात होता किंवा कापला जात होता. शेवटी काठाचे म्हणणे मान्य केले. संपूर्ण बंडी आयतांची केली: पुढचे दोन पल्ले खांद्यापासून थेट गुडघ्याच्या वर, सरळ, दाराच्या दोन फळ्यांसारखे, मधल्या उघडणीवर दोन्ही बाजूंना काठ, गळ्याला कापच नाही, फक्त मानेमागे एक आडवी योकची पट्टी. फळीकाम करणारा सुतार लाकडाचे तंतू ज्या दिशेने जातात त्या दिशेने रंधा चालवतो. मला कापडाबाबत हे कळायला आठ दिवस लागले.

आयतांच्या बंडीला अंगाचा आकार कुठून येणार, हा प्रश्न उरतोच. तो आकार पाठीच्या जाळीने द्यायचा आहे. पायथ्याची दोरी ओढली की कंबर आत येईल आणि पल्ले आपोआप अंगालगत बसतील. म्हणून पुढे टक्स (आकारासाठी शिवलेल्या चिमट्या) घेतलेले नाहीत. शिवणीला दीड सेंटिमीटर माया (जादा कापड) सोडली, कारण कोशाचे धागे ताणाखाली शिवणीतून सरकतात.

13 जानेवारी

संक्रांतीसाठी आत्या आली. तिचे जुने गाव गोसीखुर्द धरणाच्या बुडित क्षेत्रात गेले आणि तिचे बिऱ्हाड नव्या वसाहतीत आले. ओसरीवर पडलेली चौकट पाहून तिने सामान हलवण्याचा दिवस सांगितला. कपाट दारातून निघेना म्हणून त्याचे पाय कापावे लागले, देव्हारा फुटला. बाजेच्या दोऱ्या मात्र तिने स्वतः सोडल्या, गुंडाळून उशाखाली ठेवल्या आणि दांड्या मोळीसारख्या बांधून ट्रॉलीत टाकल्या. नव्या घरात पहिल्या रात्री अंथरायला तीच बाज उभी राहिली.

हुसेन चालायान यांचा लंडनमधला 2000 सालचा पोशाखांचा प्रयोग मी शिकत असताना पडद्यावर पाहिला होता. रंगमंचावर एक बैठकीची खोली मांडलेली असते. मुली खुर्च्यांची खोळ काढून अंगात घालतात, खुर्च्या मिटून त्यांच्या पेट्या होतात आणि शेवटची मुलगी गोल मेजाच्या मध्यात उभी राहून ते वर उचलते, तेव्हा त्याच्या लाकडी कड्या उलगडून घागरा होतो. चालायान सायप्रसचे आहेत. घर अचानक सोडावे लागलेल्या माणसांना काय बरोबर नेता येते, हा त्या कामाचा विषय होता. तेव्हा मला त्यातली युक्ती दिसली होती. आज आत्याच्या तोंडून दोऱ्या उशाखाली ठेवल्याचे ऐकले आणि विषय कळला.

त्यामुळे आराखड्यात एक बदल केला. जाळी बंडीला कायमची शिवायची नाही. ती योकला लाकडी गुंड्यांनी आणि पट्ट्याला दोरीने अडकवायची, म्हणजे सुटी करून गुंडाळता येईल आणि कोसा वेगळा धुता येईल.

26 जानेवारी

जाळी विणून झाली. तीन दिवस, रोज साधारण चार तास लागले. बाबांनी एक जुनी चौकट मापाला आणून दिली आणि दोन्ही कामट्या तिच्यावर बांधल्या. ओल्या दोरीने विणायचे, हा त्यांचा आग्रह होता: "दोरी ओली करून तान, मंग वारू दे." ओली दोरी बोटांना जड लागते, पण पदर एकमेकांवर सपाट बसतात आणि वाळल्यावर हलत नाहीत. तिसऱ्या दिवशी उजव्या तर्जनीच्या आतल्या बाजूची कातडी निघाली, तेव्हा चिंधी गुंडाळून उरलेले काम केले. कडेच्या ओळींना ताण कमी आणि मधल्या ओळींना जास्त ठेवला, म्हणजे मणक्यालगतचा भाग घट्ट राहील आणि काखेजवळ हात हलवायला मोकळीक मिळेल. दोन वर, दोन खाली हा क्रम एकदाच चुकला आणि तो सात ओळींनंतर दिसला. सातही ओळी उसवल्या.

2 फेब्रुवारी

आज माझ्या घाईमुळे नुकसान झाले. बाबांनी सागाच्या तुकड्यांतून आठ गुंड्या केल्या आहेत. त्या बोटाच्या पेराएवढ्या आहेत आणि मधोमध खाच असल्याने दोरीच्या फासात कुसवासारख्या (खाचेत बसणाऱ्या लाकडी दातासारख्या) अडकतात. लाखेचे पॉलिश घामाने चिकटते, म्हणून त्यांना जवसाचे तेल दिले. ते तेल पूर्ण वाळायला बरेच दिवस लागतात, हे मला माहीत होते. तरी चार दिवसांतच गुंड्या शिवून बंडी घडी करून ठेवली. सकाळी उघडली तेव्हा डाव्या पल्ल्यावर, काठापासून चार बोटांवर, रुपयाएवढा तेलाचा डाग होता. पावडर टाकून वर टिपकागद ठेवला, वजन ठेवले, दोनदा बदलले. डाग फिका झाला, पण गेला नाही. कोशावर त्याची कडा तशीच दिसते.

11 फेब्रुवारी

डागाचा भाग कापून काढला आणि उरलेल्या कापडाची पट्टी आडवी जोडली. दोन पानांच्या दाराला मागून आडवे पाटे असतात तसे दिसावे म्हणून उजव्या पल्ल्यालाही त्याच उंचीवर पट्टी घेतली. सर्व शिवणी उलटून दुहेरी मारल्या आणि जिथे जाळीचा ताण येतो तिथे आतून नवारीचा तुकडा दिला. पट्ट्यांमुळे पल्ल्यांना जो भक्कमपणा आला, तो आधीच्या आराखड्यात नव्हता. मी तो पुढच्या बंडीतही ठेवणार आहे.

20 फेब्रुवारी

पहिली फिटिंग आईवर केली. तिला नुसते उभे ठेवले नाही. खाली बसून तांदूळ निवडायला, वाकून घागर उचलायला आणि भिंतीला टेकून बसायला सांगितले. बसताना आणि वाकताना काही अडले नाही. वाकल्यावर जाळी पाठीबरोबर लांबली आणि उठल्यावर जागेवर आली. भिंतीला टेकल्यावर मात्र वरची कामटी दोन्ही खवाट्यांवर दाबली गेली. शिवाय ताण वाढवला की तीच कामटी मधोमध बाहेर वाकून पाठीपासून बोटभर सुटते. ती रेटली जाते आहे आणि आधीच थोडी वळलेली असल्यामुळे आणखी वळते, हे बाबांनी पाहताक्षणी सांगितले. उद्या वरची कामटी 3 सेंटिमीटर खाली घेऊन तिला मधोमध जाळीच्या दोन पदरांनी बांधायचे.

3 मार्च

कामटी खाली घेतली आणि बांधली. आता टेकल्यावर ती खवाट्यांच्या खाली येते आणि आईला जाणवत नाही. बंडीचे एकूण वजन 540 ग्रॅम झाले आहे.

9 मार्च

गेले चार दिवस बंडी मी स्वतः घातली, त्यातले दोन दिवस एसटीच्या प्रवासात आणि एक दिवस बचत गटाच्या बैठकीत. चौथ्या दिवशी संध्याकाळी मोजले तेव्हा खालची कामटी पट्ट्याच्या 2 सेंटिमीटर जवळ सरकलेली होती, म्हणजे जाळीने तेवढा झोळ खाल्ला होता. पायथ्याची दोरी सोडली, एकेक फेरा ओढत उजवीकडून डावीकडे गेले आणि गाठ मारली. या सगळ्याला आरशाशिवाय, हात मागे नेऊन, तीन मिनिटे लागली. गाठ पाठीमागे असण्याऐवजी डाव्या बाजूला पुढे आली तर एकटीला सोपे जाईल, म्हणून पट्ट्याला तिथे एक भोक वाढवायचे आहे. आत्याने तिच्या मापाची दुसरी बंडी मागितली आहे. तिचा खांदा 36 सेंटिमीटर आहे आणि कंबर माझ्यापेक्षा 11 सेंटिमीटरने जास्त. जाळी तीच चालेल, फक्त वरची कामटी नवी लागेल. बाबांनी बांबू आजच पाण्यात घातला.